एका ‘ला’ची किंमत

गाडी विकायची हे फौजदारणीने ठरवलं ते गुडघ्यामुळे. गाडीला गुडघा नसतो, तेव्हा तिच्या स्वतःच्याच. वीस वर्षं पायाने शिलाई मशीन चालवून उजव्या गुडघ्याची अशी गत झाली होती की जिना चढताना आधी तो कुरकुरायचा आणि मग ती. डॉक्टर म्हणाले, मशीन बंद करा. ती म्हणाली, आधी तुमचा दवाखाना बंद करून दाखवा. (फी तिने निम्मीच दिली. डॉक्टरांनी मुकाट्याने घेतली, कारण बाहेर रांग लागली होती आणि ही खुर्चीवरून उठायला तयार नव्हती.)

फौजदारीण म्हणजे कुणा फौजदाराची बायको नव्हे बरं का. नवरा पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून, इतका गरीब की त्याच्या टेबलावरचा पेपरवेट कुणी उचलून नेला तर तो कागदावर स्वतःचा हात ठेवून बसेल. नाव गल्लीने ठेवलेलं. रस्त्याने चालली तर ही मधून चालायची आणि बाकीची दुनिया कडेने. शिक्षण चौथीपर्यंत, पण भाव करायला उभी राहिली की पदवीवाले तिच्यापुढे पाणी भरायचे. तिची रीत ठरलेली. समोरच्याने आकडा सांगितला की त्याच्या निम्म्याहून कमी आकडा सांगायचा. मालाला नावं ठेवायची. आणि तरी ऐकलं नाही तर उठून चालू लागायचं. दहा पावलं. अकरावं पाऊल टाकायची वेळ तिच्यावर आयुष्यात आली नव्हती, त्याच्या आत हाक यायचीच.

तर गुडघा. गुडघ्याला उपाय एकच, विजेवर चालणारं मोठं मशीन. त्याची किंमत पंच्याहत्तर हजार. आणि ते लगेच हवं होतं, कारण शाळेच्या मोठ्या बाईंनी एकशे चाळीस गणवेशांचं काम देऊ केलं होतं. "सोमवार संध्याकाळपर्यंत मोटारचं मशीन घेतल्याची पावती दाखवा," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "नाहीतर काम पलीकडच्या टेलरला जाईल." पलीकडचा टेलर म्हणजे काजाची भोकं बटणापेक्षा मोठी पाडणारा माणूस. त्याला काम गेलं असतं तर शाळेतली एकशे चाळीस पोरं उघड्या छातीने फिरली असती, आणि फौजदारीण पुन्हा पायमशीनवर झंपर शिवत बसली असती, गुडघ्याला तेल चोळत.

जवळ दहा हजार होते, डब्यात. आणि दारात गाडी होती. चौदा वर्षांची, पांढरी म्हणून घेतलेली, आता कुठल्या रंगाची म्हणावी हे ज्याचं त्याने ठरवावं.

"ऐंशीला जाईल," फौजदारीण म्हणाली. "जाहिरातीत लाख लिहा. लोक भाव करतात मेले."

(हे तिने कपाळाला आठ्या घालून म्हटलं. भाव करणाऱ्या लोकांचा तिला फार राग.)

पहिलं गिऱ्हाईक आलं ते शनिवारी. एक चष्मेवाला. ती आत काज करत होती, म्हणून नवरा पुढे झाला. तिथेच घात झाला.

"गाडी कशी आहे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"चांगली आहे. फक्त डावीकडे वळवली की हॉर्न वाजतो."

"म्हणजे आपोआप?"

"आपोआप. पण सवय होते. लोकही आपोआप बाजूला होतात."

"आणखी काही?"

"खरं सांगू का?" नवरा म्हणाला. हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघाले की घराचं काही ना काही नुकसान होतं, असा तिचा अनुभव. तिने सुई खाली ठेवून बाहेर धाव घेईपर्यंत त्याने मागच्या दाराचं सांगितलं होतं, हाताने ओढून खाली करायच्या काचेचं सांगितलं होतं आणि पावसाळ्यात पायाखाली पाणी कुठून येतं ते तर वाकून दाखवत होता. चष्मेवाल्याने आभार मानले. गाडी न घेतल्याबद्दल कुणी एवढे आभार मानलेले तिने पाहिले नव्हते.

"उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही तोंडातून ब्र काढायचा नाही."

"बरं."

"छत कोसळलं तरी बोलायचं नाही."

"आणि त्यांनी पाणी मागितलं तर?"

"तर पाणी द्यायचं. मुक्याने."

रविवारी दुपारी दुसरं गिऱ्हाईक आलं. ती होती बाजारातल्या कुलूप-कड्यांच्या दुकानाची मालकीण. सासऱ्यांचं दुकान, पण गल्ल्यावर बसायची ही. तीस वर्षं तिने कुलपं, बिजागऱ्या, खिळे आणि रंगाचे डबे विकले होते. विकले म्हणजे काय, समोरच्याला आधी वाटायला लावलं होतं की आपल्या घराला कुलूप नाही म्हणजे आपण रस्त्यावर झोपतो. आयुष्यात तिने विकत म्हणून काही घेतलंच नव्हतं. घरात जे यायचं ते सासरे आणायचे. आज सासऱ्यांची कंबर धरली होती म्हणून ती आली.

म्हणजे बघा, एकीने जन्मभर फक्त घेतलेलं आणि दुसरीने जन्मभर फक्त विकलेलं. आणि आज घेणारी विकायला उभी, विकणारी घ्यायला उभी. नवरा पायरीवर बसलेला, ओठांवर बोट ठेवून.

कुलूपवालीने किल्ली मागून घेतली, दार उघडलं, मिटलं, बॉनेटवर बोटाने टकटक केलं. मालाला नावं ठेवायची तिला सवयच नव्हती. माल दिसला की तिच्या तोंडून आपसूक जे निघायचं तेच निघालं.

"पत्रा बघा ताई कसला आहे. असा पत्रा आता मिळत नाही."

फौजदारणीचे कान उभे राहिले. तिच्यासमोर मालाची स्तुती करतो तो दुकानदार, आणि दुकानदार म्हणजे चोर. हे तिच्या रक्तात होतं.

"पत्रा काय चाटायचाय?" ती म्हणाली. "हे इथे बघा. गंज आहे."

"गंज नाही ताई, धूळ आहे. पुसलं की जाते."

"धूळ कधी तपकिरी असते? मला शिकवू नका. आणि मागचं दार बघा, बाहेरून उघडत नाही."

"ती तर सोय आहे. चोर उघडणार कसा?"

"चोर कशाला येतोय हिच्याकडे बघायला?"

पायरीवर नवऱ्याने बोट ओठांवरून काढलं, बायकोकडे पाहिलं, आणि परत ठेवलं.

कुलूपवाली आत वाकली. सीटवर निळ्या चौकटीची कव्हरं होती, गणवेशाच्या उरलेल्या कापडाची, फौजदारणीने स्वतः शिवलेली.

"आणि ही कव्हरं," कुलूपवाली म्हणाली. "टाका बघा ताई. मोजून घ्या. कोपऱ्याला दुहेरी शिलाई. असं काम करणारी बाई शोधून सापडायची नाही."

इथे फौजदारीण क्षणभर अडखळली. आत कुठेतरी काहीतरी टोचलं. शिलाई चांगली होती हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण भाव करायच्या वेळी मन हळवं करून चालत नाही.

"शिलाई बरी आहे," ती म्हणाली. "पण कापड उरलंसुरलं दिसतंय. शिवणारीने गाडीवाल्याला फसवलंय."

मग आला तो क्षण. कुलूपवालीने पदर खोचला, गाडीला पाठ टेकून उभी राहिली आणि दिवसातून शंभर वेळा गल्ल्यावरून विचारते तसं विचारलं.

"बोला ताई, किती देणार?"

आता हे नीट ध्यानात घ्या. घ्यायला आलेल्या माणसाने विचारायला हवं होतं, कितीला देणार. ती म्हणाली, किती देणार. एक ‘ला’ तेवढा राहिला. एवढंसं अक्षर, दाढेत अडकलं तरी कळणार नाही. पण तो ‘ला’ पडला आणि त्याच्याबरोबर गाडी एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे गेली.

"चाळीस," फौजदारीण म्हणाली. विचार करायची गरजच पडली नाही.

कुलूपवाली हसली. असं हसू दुकानदार ठेवणीतलं काढतात. "चाळीसला काय, चाकं येतील ताई. नव्वदच्या खाली परवडत नाही."

पायरीवर नवरा उभा राहिला. फौजदारणीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो बसला.

"नव्वद? ही काय सोन्याची आहे?" फौजदारीण म्हणाली. "चौदा वर्षांची आहे. चौदा. पोरगी असती तर लग्नाला आली असती. पंचेचाळीस घ्या नि मोकळ्या व्हा."

"पंच्याऐंशी. तुमच्याकडे बघून सांगते."

"माझ्याकडे बघू नका, गाडीकडे बघा. पन्नास."

"ऐंशी. माझी खरेदीच आहे तेवढी."

(कसली खरेदी म्हणून कुणी विचारलं नाही. विचारणारा एकटा पायरीवर होता आणि त्याला छत कोसळेपर्यंत बंदी होती. त्याने एकदा वर मान करून छताकडे आशेने पाहिलंसुद्धा.)

"बावन्न," फौजदारीण म्हणाली, "आणि डावीकडे वळताना हॉर्न वाजतो तो तुमचा तुम्ही ठेवून घ्या."

"तुम्हाला हॉर्नचं कुणी सांगितलं?" कुलूपवाली दचकली.

"मी गाडीची नस ओळखते."

कुलूपवाली मनातून वरमली. असं कडक गिऱ्हाईक तिच्या दुकानाची पायरी कधी चढलं नव्हतं. ती पंच्याहत्तरवर आली. फौजदारीण पंचावन्नवर गेली. मग दोघी अडल्या. फौजदारणीने आपलं शेवटचं हत्यार काढलं.

"राहू दे. ठेवा तुमची गाडी," ती म्हणाली, आणि चालू लागली.

स्वतःच्या फाटकातून बाहेर पडली. गुडघा दुखत होता पण पाठ ताठ. मागे वळून बघायचं नाही, हा नियम. एक पाऊल, दोन, तीन. शेजारच्या खिडकीतून म्हातारीने विचारलं, "कुठे निघालीस गं?" तिने हाताने गप्प केलं. सात. आठ. कुलूपवालीचाही एक नियम होता, गिऱ्हाईक नऊ पावलं जाऊ द्यायचं.

"या ताई, या," मागून हाक आली. "बासष्ट. शेवटचं. तुमचं नाही, माझं नाही."

फौजदारीण परत आली. तिचा चेहरा असा उजळला होता की नवऱ्याला लग्नाचा दिवस आठवला. (लग्नातही तिने बँडवाल्याला निम्म्यावर आणलं होतं, त्यामुळे ते निम्मीच गाणी वाजवून गेले.) दोघींनी एकमेकींच्या हातावर टाळी दिली.

सौदा ठरला की समोरच्याचं मन बदलायच्या आत पैसे हातावर ठेवायचे, हा तिचा आणखी एक नियम. ती आत गेली, डब्यातले दहा हजार आणले आणि कुलूपवालीच्या हातावर ठेवले. "हा विसार. बाकीचे उद्या."

कुलूपवालीने पैसे दोनदा मोजले, पिशवीतून दुकानाचं पावतीपुस्तक काढलं आणि पावती फाडून दिली. पावतीच्या तळाला छापलेलं होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मग तिने गाडीची किल्ली फौजदारणीच्या हातात दिली.

"जपून वापरा," ती म्हणाली. "चांगली वस्तू आहे. काही तक्रार आली तर दुकानी या." आणि पिशवी काखेला मारून बाजाराच्या रस्त्याने निघून गेली.

फौजदारीण पायरीवर बसली. घाम पुसला. "अठ्ठावीस हजाराने खाली आणली," ती म्हणाली. "कुलूपवालीला. जिच्याकडून अजून कुणी एक खिळा फुकट आणला नाही."

नवऱ्याने शाळेतल्यासारखं बोट वर केलं. "आता बोलू का?"

"बोला."

"गाडी कुणाची?"

"आता आपली."

"आणि सकाळी कुणाची होती?"

तिने किल्लीकडे पाहिलं. पावतीकडे पाहिलं. निळ्या चौकटीच्या कव्हरांकडे पाहिलं. मग आत जाऊन रिकाम्या डब्यात पाहिलं, आणि बाहेर आली ती नवऱ्यावरच.

"तुम्ही का नाही बोललात?"

"छत कोसळलं तरी बोलायचं नाही म्हणालीस. छत तर जागेवर होतं."

"गाडी जात होती ते दिसत नव्हतं?"

"गाडी कुठे गेली? पैसे गेले," नवरा म्हणाला. "खरं सांगू का? ती पहिल्यांदा नव्वद म्हणाली होती. तेव्हा तू नुसतं ‘हो’ म्हणायचं होतंस. आपल्याला ऐंशीच हवे होते."

शेजारची म्हातारी अजून खिडकीत होती. तिच्या पन्नास वर्षांत गल्ली एवढी शांत कधी झाली नव्हती.

"आजपासून," फौजदारीण शेवटी म्हणाली, "मी चुकून खालचा आकडा बोलले की तुम्ही ताबडतोब वरचा आकडा बोलायचा. थांबायचं नाही. बोलू का म्हणून विचारायचं नाही. नवरा कशाला असतो माणसाला?"

"ताबडतोब," नवऱ्याने मनात टिपून ठेवलं. कारकून माणूस. एकदा टिपलं की खोडायचा नाही.

तासाभरात कुलूपवाली धापा टाकत परत आली. हातात ते दहा हजार.

"सासऱ्यांनी विचारलं, गाडी कुठाय," ती म्हणाली. "मी म्हटलं, विकली. ते म्हणाले, सूनबाई, तू घ्यायला गेली होतीस."

आधी कुलूपवाली हसली, मग फौजदारीणही, पण अर्धवट. पहिलं हसू पुरतं ओसरायच्या आत तिने डाव टाकला.

"तुम्ही नव्वद म्हणाला होतात."

"आणि तुम्ही चाळीस. बासष्टला टाळी दिली. शब्द म्हणजे शब्द ताई, हे तुम्हीच बाजारभर ऐकवत असता. परवा बटाटेवाल्याला ऐकवत होतात, मी समोरच होते."

सोमवारी सकाळी कागदांवर सह्या झाल्या, बासष्ट हजार हातात आले आणि गाडी गेली. कोपऱ्यावर डावीकडे वळताना तिने हॉर्न दिला. नवऱ्याने हात हलवला.

बासष्ट आणि दहा, बहात्तर. मशीन पंच्याहत्तरचं. तीन हजार कमी आणि संध्याकाळपर्यंतची मुदत. पण फौजदारणीला काळजी नव्हती. आज ती घ्यायला निघाली होती. घेणं म्हणजे तिचं माहेर.

मशीनच्या दुकानात शिरताना पाटी होती, एकच भाव. अशा पाट्या तिने पुष्कळ खाली उतरवल्या होत्या. दुकानदार जाड भिंगांचा, शांत माणूस. मशीन दाखवून म्हणाला, "पंच्याहत्तर."

फौजदारणीने मशीनभोवती एक फेरी मारली. चाकाला हात लावला, नाक मुरडलं, सुईकडे पाहून उसासा टाकला. दुकानदाराने चष्मा काढून पुसायला घेतला. हे चिन्ह तिला माहीत होतं. आता हा उतरणार. सत्तर, एकाहत्तर, फार तर बहात्तर. तिने कंबरेवर हात ठेवला आणि जन्मभराचा अनुभव पणाला लावून आकडा टाकला.

"साठ."

"ऐंशी," मागून आवाज आला. ताबडतोब. न विचारता.

दुकानदाराने चष्मा परत घातला आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. नवरा ताठ उभा होता, आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर बोलल्याचं समाधान चेहऱ्यावर घेऊन.

"साहेब," दुकानदार म्हणाला, "एकच भाव म्हणजे कमी नाही, तसा जास्तही नाही. ऐंशी नकोत. पंच्याहत्तरच द्या."

"अहो, हे आपले असेच बोलतात," फौजदारीण म्हणाली. "पासष्ट."

"पंच्याऐंशी," नवरा म्हणाला.

तिने यानंतर आकडा काढला नाही. तिला हिशेब कळत होता, आणखी दोनदा बोलली तर घर जाणार. तिने बहात्तर हजार काढून ठेवले आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेने त्याच्या पाकिटातून आपोआप तीन हजार बाहेर आले.

"हे कुठले?"

"पेट्रोलचे. साठवत होतो. आता गाडीच नाही, म्हटलं."

म्हणजे पाटीवरचा भाव पुरा भरला. फौजदारणीच्या हातून हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे पावतीवरचा आकडा तिने दोनदा वाचला. मशीन उद्या घरी येणार होतं, गणवेश मिळणार होते, गुडघा सुटणार होता. सगळं झालं होतं. त्या मेल्या दुकानदाराने दारापर्यंत पोचवायला यायचं काही कारण नव्हतं.

"ताई, तुम्ही फेरी मारलीत तेव्हाच मी ओळखलं," तो हळूच म्हणाला. "बहात्तरला सोडायचं मनात आणलं होतं. पण जोडीदार वर वर चढतोय म्हटल्यावर खाली उतरायला कुणाचा पाय वळेल?"

तिने मोठ्या बाईंना पावती दाखवली. घरी परत येताना ती रस्त्याच्या मधून चालली होती, नेहमीसारखी, नवरा दोन पावलं मागे. गल्लीच्या कोपऱ्यावर पाठीमागून हॉर्न वाजला. ओळखीचा. एक गाडी डावीकडे वळत होती.

फौजदारीण आपोआप बाजूला झाली.

"बघ," नवरा म्हणाला, "म्हटलं नव्हतं, सवय होते?"